कंपनी वाचेल हो, पण तुमचा शेअर?

प्रश्न : मी बेव्हर्ली पार्कमध्ये राहते, नोकरीसाठी रोज अंधेरीला जाते. यंदाच डिमॅट खातं उघडलं. आतापर्यंत इंडेक्स फंडात दरमहा एसआयपी आणि दोन मोठ्या कंपन्यांचे थोडे शेअर, एवढंच केलंय. बोनसचे साठ हजार रुपये बाजूला ठेवलेत. आमच्या बिल्डिंगमधले एक काका खूप वर्षं शेअर बाजारात आहेत. ते एका कंपनीचं नाव घेऊन म्हणतात, ‘घोटाळा बाहेर आला, शेअर नव्वद टक्के पडला, आता आणखी किती पडणार? सगळे घाबरून विकतात तेव्हाच घ्यायचं असतं. एवढी मोठी कंपनी सरकार बुडू देणार नाही.’ लोकलमधल्या मैत्रिणीही तेच सांगतात, एकीने तर घेतलेसुद्धा. आई म्हणते, बदनाम झालेल्या कंपनीच्या वाटेलाच जाऊ नकोस. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. तर मी हे शेअर घ्यावेत का? आणि अशा वेळी नेमकं बघायचं काय असतं?
– एक वाचक, बेव्हर्ली पार्क, मीरा रोड (पूर्व)

उत्तर : तुम्ही पत्रात कंपनीचं नाव दिलं आहे. चौकशी सुरू असल्यामुळे ते इथे छापत नाही. उत्तर मात्र आधीच देतो : सध्या घेऊ नका. आईच्या सांगण्यामागे भीती असेल, पण निष्कर्ष बरोबर आहे. काकांच्या बोलण्यातही तथ्य आहे आणि त्याचा विचार नीट करायला हवा, कारण पडलेल्या बाजारात घेऊन पैसा कमावलेली माणसं खरोखर आहेत.

काका म्हणतात कंपनी बुडणार नाही. समजा नाही बुडली. पण कंपनी तगली म्हणजे तिचा आजचा भागधारकही तगला, असं होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नवा गुंतवणूकदार त्या एक समजतो आणि तिथेच फसतो. याचं सर्वांत कडू उदाहरण आपल्या मुंबईतच घडलं आहे.

दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल. १९८४ साली राजेशकुमार वाधवान यांनी सुरू केलेली कंपनी. मोठ्या बँका ज्यांना दारात उभं करत नसत, अशा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना घरासाठी कर्ज द्यायचं, हा तिचा धंदा. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएस या बड्या वित्तसंस्थेने देणी थकवली आणि सगळ्याच बिगरबँक वित्त कंपन्यांवरचा विश्वास डळमळला. २१ सप्टेंबरला डीएचएफएलचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त कोसळला. सहाशेचा शेअर साडेतीनशेला मिळतोय म्हणून तो घेणारे तेव्हाही होतेच. जानेवारी २०१९ मध्ये कोब्रापोस्ट या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने ३१ हजार कोटी रुपये वळवल्याचा आरोप केला. शेअर आणखी पडला, आणि ‘आता तर फारच स्वस्त’ म्हणत आणखी लोक आत गेले. त्याच वर्षी कंपनीचे हप्ते थकू लागले. २० नोव्हेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केलं आणि कंपनी दिवाळखोरी संहितेखाली कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेली. त्या मार्गाने गेलेली ही देशातली पहिली वित्त कंपनी.

पुढे जे उघड झालं ते मुद्दाम लक्षात ठेवा. सीबीआयच्या गुन्ह्यातल्या नोंदीनुसार कंपनीच्या दप्तरात वांद्र्याची एक शाखा होती, जी प्रत्यक्षात नव्हतीच. त्या कागदी शाखेत २ लाख ६० हजार गृहकर्ज खाती आणि १४ हजार कोटींहून अधिक रकमेची कर्जं दाखवलेली होती. ताळेबंदात ही कर्जं मालमत्ता म्हणून उभी होती, त्यांवरचं व्याज उत्पन्न म्हणून दिसत होतं आणि त्या उत्पन्नातून नफा निघत होता. तुमच्यासारख्या सजग माणसाने तो ताळेबंद रात्र जागून वाचला असता, तरी त्याला ती शाखा खरीच वाटली असती.

आणि शेवट? ७ जून २०२१ रोजी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने पिरामल समूहाची ३४,२५० कोटींची योजना मंजूर केली. त्या बातमीवर शेअर वधारला. ‘पिरामल आले, आता कंपनी सुधारणार’ हा हिशेब वरवर चुकीचा नव्हता. कंपनी खरोखर तगली, तिचा कारभार पिरामलांकडे गेला आणि कर्जदारांचे हप्ते सुरू राहिले. पण १४ जूनपासून शेअरचे व्यवहार बंद झाले, तो बाजाराच्या यादीतून काढला गेला आणि भागधारकाच्या हाती शून्य आलं. पडलेल्या भावात घेतलेल्यालाही शून्य आणि सहाशेला घेतलेल्यालाही शून्य. मुदत ठेव ठेवलेल्या ज्येष्ठ नागरिकांनाही पूर्ण पैसे मिळाले नाहीत.

हे कायद्याला धरूनच झालं. दिवाळखोर कंपनीच्या पैशांचं वाटप ठरलेल्या क्रमाने होतं. प्रक्रियेचा खर्च आधी निघतो. त्यानंतर तारण असलेले सावकार आणि कामगार, मग इतर देणी आणि सरकारची थकबाकी. त्यांच्यानंतर प्राधान्य भागधारक, आणि रांगेत सर्वांत शेवटी तुमच्या-माझ्यासारखा साधा भागधारक. डीएचएफएलवर सुमारे ८७ हजार कोटींचे दावे होते आणि हाती येणार होते त्याच्या निम्म्याहून कमी. रांगेच्या टोकापर्यंत काही पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून संशयित कंपनीबद्दल पहिली चौकशी भावाची न करता कर्जाची करायची : रांगेत माझ्यापुढे किती जण उभे आहेत आणि त्यांचे किती कोटी आहेत?

याच वाधवान कुटुंबाची दुसरी कंपनी म्हणजे बांधकाम क्षेत्रातली एचडीआयएल. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचा, म्हणजे पीएमसीचा, सप्टेंबर २०१९ मधला हाहाकार तुमच्या भागातल्या कित्येकांना आठवत असेल. सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. बँकेच्या कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के एकट्या एचडीआयएलशी जोडलेली होती आणि ती झाकण्यासाठी २१ हजारांहून जास्त बनावट खाती उघडलेली होती. इथेही नफ्या-तोट्याचे कागद होते, लेखापरीक्षणही झालेलं होतं.

आता काकांची बाजू. त्यांच्या डोक्यात बहुधा सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी असेल. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली रोख आणि बँकशिल्लक ५,०४० कोटींनी फुगवलेली आहे. त्या दिवशी शेअर १७९ रुपयांवरून ४० वर आला आणि दोन दिवसांनी काही काळ दहा रुपयांच्याही खाली गेला. एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये भावाने कंपनी घेतली. २०१३ मध्ये विलीनीकरण होऊन सत्यमच्या १७ शेअरमागे टेक महिंद्राचे २ शेअर मिळाले. त्या जानेवारीत दहा-वीस रुपयांना घेऊन जे थांबले, त्यांनी चांगला पैसा केला.

मग डीएचएफएलचा भागधारक बुडाला आणि सत्यमचा तरला, असं का? सत्यममध्ये दाखवलेली रोख खोटी होती, पण काम खरं होतं. सुमारे पन्नास हजार अभियंते होते, परदेशी ग्राहकांची खरी कंत्राटं होती आणि त्या मानाने बँकांचं कर्ज नगण्य होतं. रांगेत भागधारकाच्या पुढे फारसं कुणी उभं नव्हतं. शिवाय केंद्र सरकारने चार-पाच दिवसांत संचालक मंडळ बदलून दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना बसवलं, त्यामुळे ग्राहक पळून जायच्या आत कारभार सावरला. ‘सरकार बुडू देणार नाही’ हे काकांचं वाक्य इथे खरं ठरलं. पण सरकार नोकऱ्या, ठेवी आणि ग्राहक वाचवण्यासाठी धावतं. शेअरचा भाव वाचवणं हे सरकारचं काम नाही, आणि ते तसं कधी सांगतही नाही.

येस बँकेचं उदाहरण तर काकांना मुद्दाम विचारा. ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या आसपास असलेला हा शेअर ६ मार्च २०२० ला सोळा रुपयांवर बंद झाला. आदल्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध घातले होते, ठेवीदाराला पन्नास हजारांपेक्षा जास्त काढता येत नव्हते. सरकारने बँक वाचवली, ठेवीदाराचा एक रुपया बुडाला नाही. स्टेट बँक आणि इतर बँकांनी दहा रुपये भावाने दहा हजार कोटी ओतले. ज्याने सोळाला शेअर घेतला होता त्याने दोन आठवड्यांच्या आत साठचा भाव पाहिला. पाहिला, पण अनेकांना सगळे शेअर विकता आले नाहीत. १३ मार्चच्या पुनर्रचना योजनेत अट होती : ज्याच्याकडे शंभर किंवा त्याहून जास्त शेअर आहेत त्याचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं गोठवले जातील. मार्च २०२३ मध्ये ते मोकळे झाले तेव्हा भाव पुन्हा पंधराच्या आसपास होता. दरम्यान जुलै २०२० मध्ये बँकेने बारा रुपये भावाने आणखी पंधरा हजार कोटी उभे केले. संकटापूर्वी २५५ कोटी शेअर होते, ते अडीच हजार कोटींवर गेले. बँक तीच, भागधारकाच्या हातातले शेअर तेवढेच, पण बँकेतली त्याची मालकी दहाव्या हिश्शावर आली. म्हणून ‘चारशेचा शेअर वीसला मिळतोय, परत चारशे होईल’ हे गणित चालत नाही. दहापट शेअर झालेल्या कंपनीला जुना भाव गाठायचा तर पूर्वीच्या दहापट किमतीची बँक व्हावं लागेल.

‘आणखी किती पडणार?’ या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो. ९० टक्के पडलेला शेअर म्हणजे आधी ८० टक्के पडलेला आणि तिथून पुन्हा निम्मा झालेला शेअर. हजाराचा दोनशे झाला तेव्हा कुणीतरी ‘आता तळ आला’ म्हणून घेतला; त्याचे शंभर उरले. तुम्ही शंभरला घेतला आणि तो वीसवर गेला, तर वर्तमानपत्रात बातमी येईल की शेअर ९८ टक्के पडला. नव्वद आणि अठ्ठ्याण्णव यांत बातमी वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही, पण तुमचे साठ हजार मधल्या मध्ये बारा हजार झालेले असतील.

जेनसोल इंजिनिअरिंगच्या बाबतीत अगदी असंच घडलं. सौरऊर्जेची कामं करणारी ही कंपनी विजेच्या गाड्या घेऊन ब्लूस्मार्ट या टॅक्सी सेवेला भाड्याने देत असे. जून २०२४ मध्ये शेअर अकराशेच्या वर होता. मार्च २०२५ च्या सुरुवातीला तो पाचशेच्या आसपास असताना केअर आणि इक्रा या पतमानांकन संस्थांनी कंपनीचं मानांकन थेट थकबाकीदाराच्या श्रेणीत टाकलं. कर्जफेडीबाबत दिलेली कागदपत्रं खोटी असल्याचा संशय इक्राने व्यक्त केला. शेअर कोसळला, ‘अर्ध्या किमतीत’ म्हणून घेणारे धावले. १५ एप्रिलला सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा अंतरिम आदेश आला तेव्हा भाव सव्वाशेच्या आसपास होता. त्यानंतर लोअर सर्किटांची (एका दिवसातल्या घसरणीची कमाल मर्यादा) रांग लागली आणि जूनमध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. तोवर तिचे एक लाखाहून अधिक सामान्य भागधारक झाले होते, आणि प्रवर्तकांचा हिस्सा ७० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आला होता. प्रवर्तक बाहेर पडत होते आणि आपल्यासारखे आत येत होते.

तो आदेश सेबीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. नव्या गुंतवणूकदाराने दहा व्हिडिओ पाहण्यापेक्षा तो एक आदेश वाचावा असं मला मनापासून वाटतं. त्यात म्हटलं आहे की ६,४०० गाड्यांसाठी इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थांकडून ६६४ कोटींच्या आसपास कर्ज घेतलं होतं, प्रत्यक्षात गाड्या आल्या ४,७०४. उरलेल्या पैशांचा माग काढताना गुरुग्राममधल्या आलिशान सदनिकेपर्यंत आणि गोल्फच्या साहित्यापर्यंत नोंदी सापडल्या. सगळ्यात बोलका भाग आपल्या चाकणचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने शेअर बाजाराला कळवलं होतं की तिच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीसाठी तीस हजार गाड्यांची आगाऊ मागणी आली आहे. सेबीने कागद मागवले तेव्हा निघाले ते निव्वळ सामंजस्य करार, ज्यांत किंमत आणि ताबा देण्याची तारीखही नव्हती. ९ एप्रिलला राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी चाकणच्या कारखान्यावर गेला. तिथे दोन-तीन मजूर होते, उत्पादन चालू नव्हतं. त्याने महावितरणची बिलं मागितली. वर्षभरातलं सर्वांत मोठं बिल होतं सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांचं, डिसेंबर २०२४ चं. मोटारी बनवणाऱ्या कारखान्याचं वीजबिल एवढं असू शकत नाही, असा निष्कर्ष काढायला वित्तशास्त्राची पदवी लागत नाही. कंपनीच्या घोषणा मोजायच्या त्या अशा गोष्टींवर : वीज, मजूर, जीएसटी, बँकेत आलेली खरी रोख.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो : बघायचं काय?

मोबाइलवरचं ॲप तुम्हाला दाखवेल ‘पीई ५’ आणि शेजारी हिरवी खूण. तो आकडा बाजूला ठेवा. पीई म्हणजे भाव भागिले नफा, आणि इथे संशय नेमका त्या नफ्यावर आहे. खोट्या नफ्याने भागून आलेला स्वस्तपणा खोटाच असणार. पुस्तकी मूल्याचंही तसंच.

त्याऐवजी दर तिमाहीनंतर २१ दिवसांत शेअर बाजाराकडे जाणारा भागधारणेचा तक्ता उघडा. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळावर तो फुकट असतो. प्रवर्तकांचा हिस्सा घटतोय का, आणि त्यांचे किती शेअर तारण आहेत, हे बघा. तारण शेअर फार धोक्याचे. भाव पडला की सावकार ते विकतो, त्याने भाव आणखी पडतो, मग आणखी विकतो. मग लेखापरीक्षकाचा अहवाल. सगळा नको, फक्त मत वाचा. त्याने मत सशर्त दिलंय का, किंवा मत द्यायलाच नकार दिलाय का? वर्षाच्या मध्येच राजीनामा देऊन गेलाय का? लेखापरीक्षक मध्येच सोडून जातो तेव्हा कारणाच्या रकान्यात ‘व्यस्तता’ लिहिलेलं असलं तरी तुम्ही तिथून पुढे जाऊ नका. त्यानंतर कर्ज आणि पतमानांकन. आणि शेवटी हे तपासा की झालेल्या भगदाडाचं माप त्रयस्थाने घेतलंय का.

हा शेवटचा मुद्दा माझ्या मते निर्णायक आहे. मार्च २०२५ मध्ये इंडसइंड बँकेने स्वतः जाहीर केलं की डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या हिशेबात चूक आहे आणि तिचा फटका बँकेच्या नक्त मूल्याच्या सुमारे २.३५ टक्के असेल. दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्के पडला. पण आठवड्याभरात रिझर्व्ह बँकेने सांगितलं की बँकेकडे पुरेसं भांडवल आहे, बाहेरच्या संस्थांनी तपासणी करून रकमेचा आकडा दिला, एप्रिलअखेर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने पद सोडलं आणि बँकेने मोठा तोटा दाखवून ती तिमाही बंद केली. प्रकरण गंभीर होतंच. चूक माहीत असताना शेअर विकल्याचा ठपका सेबीने मेमधल्या अंतरिम आदेशात पाच वरिष्ठांवर ठेवला. तरीही तिथे भगदाडाला माप होतं, धंदा खरा होता आणि वर नियामक बसलेला होता. तुमच्या पत्रातल्या कंपनीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट आज दिसत नाही. तपास सुरू आहे, आकडा रोज बदलतो आहे आणि कर्ज डोंगराएवढं आहे. म्हणून माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

प्रश्न : पण रोज अपर सर्किट लागतंय. म्हणजे मोठ्या लोकांना काहीतरी चांगलं कळलं असेल ना?

उत्तर : नाही, तसा अर्थ काढू नका. सर्किट म्हणजे एका दिवसात भाव किती हलू शकतो याची शेअर बाजाराने घातलेली मर्यादा. पडलेल्या, कमी व्यवहाराच्या शेअरला ती बहुधा पाच टक्के किंवा दोन टक्के असते. थोडेसे शेअर घेऊनही भाव त्या टोकाला नेता येतो. आणि उलट फिरला की बाहेर पडता येत नाही : सलग दहा दिवस पाच टक्के लोअर सर्किट लागलं तर शंभरचा शेअर साठवर येतो, आणि ते दहाही दिवस तुमची विक्रीची ऑर्डर नुसती रांगेत पडून राहते, कारण घेणारा नसतो. शेअर बाजाराने तो शेअर विशेष देखरेखीखाली ठेवला असेल तर ॲपवर तशी सूचना येते. बहुतेक जण ती न वाचता ‘ठीक आहे’ दाबतात. कृपया वाचा. देखरेखीच्या वरच्या टप्प्यांत काही शेअरचे व्यवहार आठवड्यातून एकच दिवस होतात. दिवाळखोरी प्रक्रियेतल्या कंपनीचे शेअरही बरेचदा विकले-घेतले जात राहतात, त्यामुळे ‘बाजारात चालू आहे म्हणजे ठीक असेल’ असं समजू नये. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली; शेअर त्यानंतर पाच वर्षं फिरत राहिला, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला.

प्रश्न : एलआयसीकडेही या कंपनीचे शेअर आहेत. मग एवढं काय?

उत्तर : एलआयसीकडे येस बँकेचेही होते. एवढ्या मोठ्या विमा कंपनीच्या लाखो कोटींच्या पसाऱ्यात एक शेअर बुडाला तर तो शेकडो शेअरांमधला एक असतो. तुमच्या साठ हजारांत तो एकटाच असणार.

प्रश्न : टेलिग्रामवर एक ग्रुप आहे. महिन्याला दोन हजार भरले की असे पडलेले शेअर कधी घ्यायचे ते सांगतात. त्याचं सभासदत्व घ्यावं का?

उत्तर : सल्ला देणाऱ्याकडे सेबीची नोंदणी लागते. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने आणि संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. तो क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर नाव ताडून पाहा. क्रमांक नसेल तर त्याच क्षणी ग्रुप सोडा. तुमच्या मीरा रोडला टोरेसची शाखा होती, हे विसरू नका. दर आठवड्याला परतावा देण्याचं आमिष दाखवून खड्यांचा धंदा मांडलेली ती कंपनी जानेवारी २०२५ मध्ये कोसळली आणि दादरच्या शोरूमसमोर लोकांचे लोंढे उभे राहिले. घरकाम करणाऱ्या बायकांचे, भाजीविक्रेत्यांचे पैसे त्यात गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांना ओळखीच्याच कुणीतरी आत नेलं होतं. काका चांगल्या मनाने सांगत असतील, यात मला शंका नाही. पण त्यांचा भाव काय होता, त्यांनी कधी घेतले आणि त्यांच्या एकूण पैशांपैकी हा किती भाग आहे, हे तुम्हाला माहीत नसताना त्यांचा सल्ला तुमच्या कामाचा नाही.

प्रश्न : ज्या मैत्रिणीने आधीच घेतलेत तिने काय करावं?

उत्तर : आधी हे थांबवावं : भाव पडला की आणखी घेऊन सरासरी खाली आणणं. चांगल्या कंपनीत ते चालतं, पण जिचे हिशेब संशयास्पद आहेत तिथे ते म्हणजे बुडत्या खात्यात दुसऱ्यांदा पैसे भरणं. उधारीवर, क्रेडिट कार्डावर किंवा ब्रोकरच्या मार्जिनवर घेतले असतील तर सर्किट उघडेल त्या दिवशी विकून ते देणं आधी फेडावं. स्वतःच्या पैशांचे असतील तर तिने एकच विचार करावा : आज हातात शेअरऐवजी तेवढीच रोख असती, तर याच भावाने हा शेअर तिने घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर तोटा सोसून बाहेर पडावं. कंपनीने किंवा ब्रोकरने फसवल्याचा पुरावा असेल तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते, त्याला शुल्क नाही. आणि शेअर तोट्यात विकले तर तो भांडवली तोटा पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. मात्र त्यासाठी त्या वर्षाचं आयकर विवरणपत्र मुदतीच्या आत भरलेलं असावं लागतं. मुदत चुकली तर ही सवलत जाते.